भूतानमध्ये भारतीयांकडून रोजचे १२०० रुपये का घेतात? त्याने पर्यटन घटलं का?

ही शाश्वत विकास फी, माणशी प्रत्येक रात्रीची. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना माफ. हॉटेल, गाडी, जेवण वेगळं.

१९७४ला देश पर्यटकांना खुला झाला तेव्हापासूनच धोरण ‘थोडे पर्यटक, जास्त उत्पन्न’ असं. भारतीयांना मात्र पूर्वी फी नव्हती. २०१९मध्ये एकूण पर्यटक तीन लाखांवर गेले, त्यात बहुसंख्य आपलेच. पारो-थिंफूवर ताण आला.

कोविडनंतर सप्टेंबर २०२२मध्ये सीमा उघडताना इतर देशांसाठी फी ६५वरून थेट २०० डॉलर केली. हा झटका फार मोठा होता. पर्यटक कमी आले आणि वर्षभरात ती १००वर आणावी लागली. आपले १२०० तसेच राहिले.

माझ्या मते खरी अडचण फीपेक्षा गर्दीच्या वाटणीची आहे. बहुतेक जण पारो, थिंफू, पुनाखा करून परततात. पूर्वेकडची हॉटेलं रिकामी राहतात. पारोचा विमानतळ अरुंद दरीत असल्याने उड्डाणं मुख्यतः दिवसाउजेडीच होतात आणि हवा बिघडली की रखडतात. शिवाय प्रशिक्षित तरुण ऑस्ट्रेलियाला जाताहेत.