वाचक विचारतात: ड्रॅग कारचा शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारी नळी) हलका घ्यायचा की दणकट?

प्रश्न: मी मिशिगनला असतो, १९७२ ची शेवी नोव्हा आहे, ५४० क्यूबिक इंचाचं बिग ब्लॉक इंजिन, टीएच ४०० गिअरबॉक्स ट्रान्सब्रेकसकट (सुटेपर्यंत गिअरबॉक्सच अडवून धरणारा ब्रेक), मागे फोर्ड ९ इंच अ‍ॅक्सल आणि ३.७० चं गिअरिंग (शाफ्टचे ३.७० फेरे, चाकाचा एक), २८ इंची स्लिक्स (गुळगुळीत रेसिंग टायर). गाडी माझ्यासकट ३२०० पाउंड भरते. नवीन इंजिन ९०० हॉर्सपॉवर देईल असं बिल्डर म्हणतोय, पाव मैलाच्या शेवटी ताशी १५० मैलांच्या आसपास स्पीड अपेक्षित आहे. आत्ताचा शाफ्ट ३ इंची स्टीलचा आहे, जॉइंट ते जॉइंट ५० इंच. अ‍ॅल्युमिनियम घेऊ, क्रोमोली (दणकट मिश्रपोलाद) घेऊ का सरळ कार्बन फायबर? जितका हलका मिळेल तितका हवाय.

उत्तर: दादा, शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण तिथेच पैसे चुकीच्या ठिकाणी जायला लागतात. आधी हलकेपणाने नक्की काय मिळतं ते बघा. ५० इंची नळी धरली, यॉक (टोकाला जॉइंट धरणारे काटे) वगळून, तर साडेतीन इंची क्रोमोली ०.०८३ जाडीची साधारण साडेबारा पाउंड भरते आणि ४ इंची अ‍ॅल्युमिनियम ०.१२५ जाडीची साडेसात पाउंड. फरक पाच पाउंड. ड्रॅगवाल्यांचा जुना हिशोब आहे की शंभर पाउंड कमी केले की पाव मैलाला सेकंदाचा दहावा भाग मिळतो, म्हणजे पाच पाउंडाचे झाले सेकंदाचे पाच-सहा हजारांश. तुम्ही म्हणाल फिरणारं वजन आहे, ते जास्त मोजलं जातं. जातं, पण शाफ्टचं सगळं वजन मध्यापासून दीड-दोन इंचांवर आहे त्यामुळे फिरण्याचा भाग अगदी थोडा येतो, आणि गंमत म्हणजे ४ इंची अ‍ॅल्युमिनियमची नळी वजनाला हलकी असली तरी तुमच्या आत्ताच्या ३ इंची स्टीलच्या नळीपेक्षा फिरवायला जराशी जडच जाते कारण तिचं वजन मध्यापासून लांब बसलंय! तेव्हा फिरणाऱ्या वजनासाठी पैसे घालायचेच असतील तर आधी चाकं आणि ब्रेक डिस्क बघा.

मग मोठा व्यास कशाला घ्यायचा? तर क्रिटिकल स्पीडसाठी. लांब नळी जोरात फिरायला लागली की एका ठराविक आरपीएमला ती मधोमध वाकायला लागते, दोरीच्या उड्या मारताना दोरी जशी फुगते तशी, आणि त्या आरपीएमजवळ जास्त वेळ राहिली की नळी तरी जाते नाहीतर गिअरबॉक्सचा मागचा भाग तरी फुटतो. हा आकडा व्यास वाढवला की त्याच प्रमाणात वाढतो, पण लांबी वाढली की वर्गाच्या प्रमाणात पडतो, म्हणून पाच इंचांचा फरकसुद्धा मोठा असतो. आणि स्टील का अ‍ॅल्युमिनियम याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही! अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे तसंच त्याच प्रमाणात लवचिकही आहे, त्यामुळे एकाच व्यासाच्या दोन्ही नळ्या जवळपास एकाच आरपीएमला वाकतात. अ‍ॅल्युमिनियमचे शाफ्ट जास्त आरपीएम सहन करतात असं जे सगळे म्हणतात ते खरं म्हणजे ते जाड व्यासात बनवतात म्हणून.

आता तुमचा हिशोब. शाफ्टचे आरपीएम काढायचे तर ताशी मैल गुणिले गिअरिंग गुणिले ३३६ भागिले टायरचा व्यास. १५० ला, ३.७० वर, २८ इंची टायरने उत्तर येतं ६६६०. दुसऱ्या बाजूला ५० इंचांवर, नळी एकदम सरळ आणि दोन्ही टोकं जागची न हलणारी समजून, ३ इंची स्टील साधारण ७८०० ला वाकते, साडेतीन इंची ९१५० च्या आसपास आणि ४ इंची अ‍ॅल्युमिनियम सव्वादहा हजाराला. पण खऱ्या गाडीत नळी इतकी सरळ नसते, बॅलन्स इतका अचूक नसतो आणि गिअरबॉक्सचा मागचा बुशही थोडा ढिला असतो, म्हणून मी या आकड्याच्या पाऊण भागाच्या वर कुणालाच जाऊ देत नाही. पाऊण केलं की ३ इंचीला मिळतात ५८५०, साडेतीनला ६८६०, चारला ७७०० च्या जवळ. म्हणजे आत्ताचा शाफ्ट नव्या इंजिनबरोबर एकदाही पळवू नका, अगदी एका टेस्ट रनसाठीसुद्धा नको.

राहिले दोन, साडेतीन इंची क्रोमोली आणि ४ इंची अ‍ॅल्युमिनियम, आणि इथे ट्रान्सब्रेक येतो. इंजिनचा टॉर्क ७५० पाउंड-फूट धरा, टीएच ४०० चा पहिला गिअर २.४८, त्यात टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला जोड) सुटताना जवळपास दुप्पट करतो, म्हणजे कागदावर ३७०० पाउंड-फूट होतात. पण शाफ्टवर प्रत्यक्षात तेवढंच येतं जेवढं टायर धरून ठेवतो, टायर सुटला की संपलं. तुमच्या वजनाची गाडी पहिले ६० फूट १.३ सेकंदात काढत असेल तर सरासरी सव्वादोन जी (गुरुत्वाकर्षणाच्या सव्वादोन पट प्रवेग) होतात, त्या हिशोबाने शाफ्टवर २२०० च्या आसपास, आणि ब्रेक सुटतानाचा पहिला झटका त्याच्या वरचा. हॉर्सपॉवरपेक्षा शाफ्टला चांगला ट्रॅक आणि चांगले टायर जास्त मारतात हे लक्षात ठेवा. ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम नुसत्या नळीत छान आहे पण यॉक वेल्ड केलं की वेल्डच्या शेजारी टी६ चा (उष्णता देऊन आणलेला) कडकपणा उतरतो, ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि झटका बसतो तो नेमका तिथेच. ७०० हॉर्सपॉवर आणि फूटब्रेकने सुटणारी गाडी असती तर मी डोळे झाकून ४ इंची अ‍ॅल्युमिनियम सांगितलं असतं. ९०० आणि ट्रान्सब्रेकवर मात्र साडेतीन इंची ४१३० क्रोमोलीच घ्या, ०.०८३ जाडी, टिग वेल्ड केलेली. सहा हजारांश सेकंद जातील, जाऊ द्या.

आरपीएममध्ये ती जेमतेम बसते, हे खरंय. पुढच्या वेळी स्लिक्स घ्याल तेव्हा फेंडरमध्ये मावत असतील तर २९.५ इंची घ्या, शाफ्ट ६३२० वर येईल आणि श्वास घ्यायला जागा होईल. कार्बन फायबर ताकदीला आणि क्रिटिकल स्पीडला दोघांपेक्षा सरस आहे, निसानच्या आर३५ जीटी-आरमध्ये तर कंपनीतूनच कार्बन कंपोझिट शाफ्ट यायचा, आणि फुटला तरी त्याचे धागे धागे होतात, लोखंडी दांड्यासारखा आपटत नाही. पण यॉक चिकटवलेले असतात, खडा लागून खोक पडली किंवा एक्झॉस्ट जवळून गेला तर काळजी, आणि किंमत क्रोमोलीच्या कितीतरी पट. तो घेण्याआधी सेफ्टीचं सगळं सामान पूर्ण करा, एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात १५० मैलांना पॅराशूट लागतोच आणि तुम्ही बरोबर त्या आकड्यावर उभे आहात.

नळीपेक्षा जॉइंट आधी जातात म्हणून तिथे काटकसर नको. दोन्ही टोकांना १३५० सिरीजचे (हे जॉइंटच्या मापाचं नाव) जॉइंट घ्या, पुढे एक आणि मागे दुसरी अशी खिचडी करू नका. १३१० चा कप (जॉइंटच्या बेअरिंगची टोपी) १.०६२ इंचाचा असतो, १३५० चा १.१८८, आणि १३३० नुसती रुंद असते, कप तिचा १३१० चाच, त्यामुळे कोणी १३३० ला दणकट म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ग्रीस निपलवाला क्रॉस (जॉइंटच्या मधला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) आतून पोकळ असतो, ड्रॅगसाठी भरीव क्रॉस घ्या. स्लिप यॉक (गिअरबॉक्समध्ये आतबाहेर सरकणारं पुढचं टोक) फोर्ज्ड स्टीलचा, टीएच ४०० साठी ३२ दात्यांचा. माप घेताना गाडी लिफ्टवर लटकवून घेऊ नका, चारही चाकं जमिनीवर, ड्रायव्हर बसल्यावर गाडी जशी बसते तशी, आणि स्लिप यॉक पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर ठेवून.

बसवल्यावर सीझनमध्ये अधूनमधून क्रॉस काढून बघायची सवय लावा. कप काढा, आतल्या सुया पुसून घ्या आणि क्रॉसच्या खुंटीवरून नख फिरवा. नख टकटक अडकत जात असेल तर सुयांनी खुंटीवर रेघा उमटवल्यात, तो क्रॉस गेला, डोळ्यांना कितीही चकचकीत दिसू दे. कपाच्या कडेला लालसर बारीक भुकटी दिसली तर आत ग्रीस संपलंय. आणि यू-बोल्ट आवळताना जोर काढू नका, कप दबून अंडाकृती होतो आणि सुया मोकळ्या फिरत नाहीत, नवे क्रॉस कितीतरी वेळा याच्यामुळेच जातात.

प्रश्न: पुण्यात मस्टँग जीटी आहे, २०१६ ची, ऑटोमॅटिक. आंबी व्हॅलीला पळवायचीये. ओरिजिनल शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, तो काढून एका तुकड्याचा अ‍ॅल्युमिनियमचा टाकला तर पिकअप वाढेल का?

उत्तर: जवळजवळ नाही, वरचा हिशोब तुम्हालाही लागू आहे. कंपनीने तो दोन तुकड्यांत केलाय आणि मध्ये बेअरिंग दिलंय ते याच लांबीच्या भानगडीमुळे, दोन छोटे तुकडे वाकत नाहीत आणि केबिनमध्ये घरघर येत नाही. इंजिन स्टॉकच असेल तर टायरवर खर्च करा. सुपरचार्जर टाकणार असाल तर मात्र मधलं बेअरिंगच आधी वैतागतं, तेव्हा एका तुकड्याचा ४ इंची घ्या, पण आधी विक्रेत्याकडून त्या लांबीचा क्रिटिकल आरपीएम लिहून मागा. तुमच्या गिअरबॉक्सचा सहावा ०.६९ चा आहे म्हणजे सहाव्यात शाफ्ट इंजिनपेक्षा दीडपट जोरात फिरतो. पाव मैलात सहावा लागत नाही पण एक्सप्रेसवेवर लागतो. आणि बॅलन्सिंग ट्रकचे प्रोपेलर शाफ्ट हळू फिरवून बॅलन्स करतात तिथे करू नका, शाफ्ट ज्या स्पीडला चालणार त्याच्या जवळपास फिरवून दाखवणारं मशीन शोधा.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो. नवरा शनिवार-रविवार जुन्या कॅमेरोने ड्रॅग रेस करतो, पाव मैलाला साडेबारा सेकंदांचा टाइम आहे, स्लिक्स लावलेत. शाफ्टच्या खाली लोखंडी लूप लावायला एकजण सांगतोय, नवरा म्हणतो इतक्या स्पीडला गरज नाही. मला गाडीतलं कळत नाही, पण त्याच्या पायाखालीच तो दांडा फिरतो ना?

उत्तर: हो ताई, पायाखालीच, आणि तुमची शंका अगदी बरोबर आहे. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं पुढचं टोक खाली पडतं, रस्त्यात रुततं, आणि वेगात गाडीचा मागचा भाग उचलू शकतं, नाहीतर गरागरा फिरत फ्लोअर फोडून आत येतं. पत्रा जुन्या गाड्यांचा किती जाड असतो ते त्यांनाच विचारा. यात वादाचा प्रश्नच नाहीये, एनएचआरएचा नियम सरळ आहे: स्लिक्स असतील तर १३.९९ सेकंद किंवा त्याहून जलद गाडीला लूप लागतोच, रस्त्याच्या टायरवर असेल तर ११.४९ पासून. साडेबारा आणि स्लिक्स म्हणजे तुमची गाडी नियमात बसते. लूप पूर्ण गोल हवा, पाव इंच जाड आणि २ इंच रुंद स्टीलची पट्टी, किंवा ७/८ इंची ०.०६५ जाडीची वेल्ड केलेली नळी, आणि पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत. नुसत्या पत्र्याला स्क्रूने लटकवलेला चालणार नाही, फ्रेमला नाहीतर फ्लोअरच्या मजबूत भागाला जाड बोल्टने धरलेला पाहिजे. बसवल्यावर गाडी जॅकवर घेऊन मागचा अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून बघायला सांगा, तेव्हाही शाफ्ट लूपला कुठे घासत नाही ना, आणि मग गाडी खाली उतरवून परत एकदा.