वर्ष संपताना फार भीती वाटते. ख्रिस्ती माणसाने धीर कुठून आणायचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की यंदा वडील गेले, जानेवारीत नोकरीसाठी आईला घेऊन साताऱ्याहून पुण्याला जायचंय, घर आवरताना रात्री छाती धडधडते. आणि मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांत, कुणी ‘विश्वास ठेव, भिऊ नकोस’ म्हटलं की धीर येण्याऐवजी आपलाच विश्वास कमी पडतोय असं वाटून जास्त अपराधी वाटतं. मी सांगलीचा. मार्केट यार्डात एका अडत दुकानात बावीस वर्षं दिवाणजी होतो. पाळक नाही, शास्त्राचा अभ्यासकही नाही. पण भीतीने भरलेला एक डिसेंबर मी काढलाय, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

आधी त्या अपराधीपणाचं बोलू, कारण भीतीपेक्षा तेच जास्त छळतं. मार्कच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढा. येशूला धरून नेण्याआधीची, गेथशेमाने बागेतली रात्र. येशू तिथे व्याकूळ झालेला आहे, आणि ते तो लपवत नाही. पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना बरोबर घेतो, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय असं त्यांना स्पष्ट सांगतो, आणि एवढंच मागतो की इथे थांबा, जागे राहा. ज्याला आपण प्रभू म्हणतो त्याला त्या रात्री माणसं जवळ हवी होती. तेव्हा छाती धडधडणं म्हणजे अविश्वास, असं तुम्हाला कुणी शिकवलं असेल तर ते शिक्षण चुकीचं आहे. मी हे पूर्ण खात्रीने सांगतो.

आता माझं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेला पूर तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. आयर्विन पुलापाशी ४५ फुटांवर धोक्याची पातळी धरतात, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर कर्नाळ रस्त्याच्या बाजूला. आई, बायको, मुलगा आणि मी असे चौघं मिरजेला बहिणीकडे जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा भिंतीला छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. आईचं पवित्र शास्त्र फुगून दुप्पट जाड झालं होतं, तिने ते पानापानांत कागद घालून पंख्याखाली वाळवलं. त्यातून सावरतोय तोच डिसेंबरच्या मध्यात शेठनी बोलावून सांगितलं की दुकानाचा हिशेब आता बाहेर देणार, तुम्ही ३१ तारखेपर्यंतच या. मुलगा बारावीला होता.

यार्डातलं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला उघडतं, सरकारचं एप्रिलमध्ये. ३१ डिसेंबर हा आम्हा ख्रिस्ती लोकांचा हिशेबाचा दिवस. त्या रात्री उपासनेला बसल्यावर वर्ष आपोआप मोजलं जातं, म्हणून बाकीच्या दिवसांत दबून राहिलेली भीती नेमकी याच आठवड्यात वर येते. तुमच्यासारखंच मलाही वाटायचं की सगळ्यांच्या दारात चांदणी लागलीय, करंज्या-चकल्यांचा वास येतोय आणि मी एकटाच असा. त्या वर्षी आमच्या घरी फराळ केलाच नव्हता. महिला मंडळाच्या दोघी डबे घेऊन आल्या आणि काही न बोलता ओट्यावर ठेवून गेल्या.

आमच्या मंडळीत वर्षअखेरच्या रात्री वचनाच्या चिठ्ठ्या काढतात. तुमच्याकडेही काढत असतील. पाटीत हात घातला आणि मला यशया ४१:१० निघालं, ‘तू भिऊ नकोस, कारण मी तुझ्याबरोबर आहे.’ मला रडू आलं. मला वाटलं, झालं, देवाने सांगितलं, आता नोकरी मिळणार, घर सावरणार. चिठ्ठी पाकिटात ठेवली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. सप्टेंबरमध्ये आई कोरोनाने गेली. शेवटच्या चार दिवसांत मला तिच्याजवळ जाता आलं नाही.

त्यानंतर काही महिने मी देवावर चिडलेला होतो. ती चिठ्ठी फाडायला दोनदा हातात घेतली. फाडली नाही, कारण आई असती तर रागावली असती. तशीच एकदा घेऊन बसलो असताना मी ती पहिल्यांदा नीट वाचली, हिशेबाचा कागद वाचतात तशी, शब्दाला शब्द लावून. ‘काही होणार नाही’ असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ‘मी तुझ्याबरोबर आहे’ एवढंच होतं. बाकीचं मी माझ्या मनाने मांडलं होतं.

मग बाकीची ‘भिऊ नको’ शोधत गेलो. लोक म्हणतात शास्त्रात ती ३६५ आहेत, दिवसाला एक. मोजली तर तेवढी भरत नाहीत, आणि भरायची गरजही नाही. नाताळच्या गोष्टीतलीच घ्या. जखऱ्याला, मरीयेला, योसेफाला, मेंढपाळांना, प्रत्येकाला दूत आधी हेच म्हणतो. पुढे काय होतं? योसेफाला बायको आणि तान्हं बाळ घेऊन रातोरात मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, पळावं लागतं. म्हणजे ज्या माणसाला देवाने भिऊ नको म्हटलं, त्याचंही घर सुटलं, गाव सुटलं. तुमच्या हातात आज घरातल्या सामानाचे बोजे आहेत, म्हणून ही गोष्ट तुम्ही आईबरोबर यंदा पुन्हा वाचावी असं मला वाटतं. आपण ती दरवर्षी गोठ्यापाशी संपवतो. मत्तयाचा दुसरा अध्याय शेवटपर्यंत वाचा.

तर मला जो धीर मिळाला तो ‘आता वाईट काही घडणार नाही’ असा नव्हता. वाईट घडत असताना कोण कोण सोबत होतं, त्यातून तो मिळाला. आई आजारी असताना आमच्या दाराला फलक लागला होता. मंडळीतला एक जण पंधरा दिवस फाटकावर डबा ठेवून जायचा. आणि यार्डातला एक हमाल, माझ्याबरोबर वीस वर्षं पोती मोजलेला, मुसलमान माणूस, रोज रात्री आठला फोन करायचा. त्याने मला एकदाही ‘घाबरू नका’ म्हटलं नाही. ‘दिवाणजी, जेवलात का?’ असं विचारायचा. मी हो म्हटलं तरी ‘काय जेवलात?’ असं विचारायचा, म्हणजे मला खरंच जेवावं लागायचं.

एलीयाची गोष्ट मला तेव्हा कळली. पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीला घाबरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देव त्याला उपदेश करत नाही. त्याला झोप लागते. दूत येऊन उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलेलं असतं. खाऊन तो पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो आणि म्हणतो, खा, तुला लांब जायचंय. देवाचा तो मंद, हळू आवाज नंतर येतो, आधी दोनदा जेवण आणि दोनदा झोप. म्हणून तुम्हाला आधी हे विचारतो की तुम्ही रात्री नीट जेवता का? घर आवरायचं काम नऊनंतर बंद करता का? वडिलांच्या वस्तू रात्री काढू नका, दिवसा काढा, कुणी सोबत असताना. आणि धडधड, झोप न लागणं असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. औषध घेणं किंवा बोलून घेणं हे प्रार्थनेच्या विरोधात नाही. आमच्या मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभारलं, तेही प्रार्थना करणारेच होते.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्रांचे घ्या. दीडशे स्तोत्रांपैकी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास विलापाची आहेत. तेरावं ‘किती काळ?’ या प्रश्नानेच उघडतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासाही नाही, तरी ते शास्त्रात ठेवलं गेलं. मी आई गेल्यावर महिनाभर तेच वाचलं. मोठ्याने वाचा, मनात नको. मनात वाचलं की भीती मध्येच बोलायला लागते. तुमच्या आईलाही ऐकू जाईल. तुम्ही तुमच्या भीतीबद्दल लिहिलंय, पण नवरा गेलाय, गाव सुटतंय, त्याही रात्री जाग्याच असतील. दोघींनी एकमेकींना सांभाळायचं म्हणून आपापली भीती लपवली तर घरात दोन एकटी माणसं राहतात. मी आणि बायको तसेच राहिलो होतो, ते फार महाग पडलं.

दुसरं एक सांगतो, ते माझ्या धंद्यातून आलेलं आहे. ३० डिसेंबरला मी एक जुनी वही काढतो आणि वर्षाचं जमा-नावे लिहितो. नावे बाजूला जे गेलं ते सगळं लिहायचं, हातचं राखायचं नाही. तुम्ही वडिलांचं नाव लिहाल, घर लिहाल. जमा बाजूला कोण आलं, कोणी फोन केला, कोणत्या दिवशी झोप लागली, कोणी रिक्षाचे पैसे घेतले नाहीत, असं बारीकसारीक. शमुवेल संदेष्ट्याने एक दगड उभा करून त्याला एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असं नाव दिलं आणि म्हटलं, येथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केलं. ‘येथवर’ हा शब्द मला फार आवडतो. पुढचं काही तो बोलतच नाही. २०२० च्या पानावर माझी नावे बाजू जास्त भरली आहे, तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची गोळाबेरीज, जुळत नाही. मी जुळवायलाही गेलो नाही. ते पान तसंच आहे.

वचनाची चिठ्ठी या वर्षीही जरूर काढा. फक्त ती वर्षाचं भविष्य म्हणून वाचू नका. कुणाला ‘तू समृद्ध होशील’ निघतं, कुणाला साधंच काही, आणि घरी जाताना तुलना सुरू होते. मला ते बरं वाटत नाही. निघालेलं वचन ज्या अध्यायातलं आहे तो सगळा अध्याय आठवडाभर वाचा, म्हणजे ते कुणाला, कुठल्या संकटात सांगितलं होतं ते कळतं.

पुण्याला जाण्याआधी एक काम नक्की करा. तुमच्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचा दाखला मागून घ्या, तुमचा आणि आईचा. पुण्यात मराठी उपासना होणाऱ्या मंडळ्या बऱ्याच आहेत. घराजवळची कोणती ते पाळकसाहेबांना विचारा आणि त्यांनाच तिथल्या पाळकांना एक फोन करायला सांगा. नव्या शहरात पहिल्या रविवारी अनोळखी बाकावर बसायला फार जड जातं, आणि एक रविवार चुकला की चार चुकतात. कुणीतरी दारात तुमची वाट बघत असेल तर पाय आत पडतो. मदत मागायला लाजू नका. माझा फाटकावरचा डबा मी मागितल्यावरच आला होता. त्या माणसाला माहीतच नव्हतं.

यहोशवाच्या तिसऱ्या अध्यायात लोकांना सांगितलंय की या वाटेने तुम्ही पूर्वी कधी गेलेला नाही. पुढे यार्देन नदी आहे, तीही कापणीच्या दिवसांतली, दुथडी भरलेली. आम्ही सांगलीकर दुथडी नदी म्हणजे काय ते जाणतो. पाणी आधी हटलं आणि मग लोक चालले, असं तिथे नाही. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्यांची पेटी, वाहणाऱ्या याजकांचे पाय पाण्याच्या कडेला बुडाले, त्यानंतर प्रवाह थांबला. ते पहिलं पाऊल भीतीसकटच पडलं असणार.

तुमच्याच साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, मिशनची पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा मेळा सुरू केला. हे सगळं उतारवयात, आणि दोन वर्षांच्या आत, मे १९१९ मध्ये, ते वारले. मला नोकरी गेली तेव्हा त्यांचा विचार खूप यायचा. त्यांनी स्वतःहून सोडली, माझी गेली, फरक मोठा आहे. तरी पगाराशिवायही माणसाला बोलावणं असतं, हे त्यांच्यामुळे मनाला पटलं. मला २०२१ मध्ये बेदाण्याच्या दोन व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचं काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी आहे, घर चालतं.

सामानाचा टेम्पो निघेल त्या दिवशी पवित्र शास्त्र त्यात टाकू नका, पिशवीत जवळ ठेवा. एकशे एकविसावं स्तोत्र वाटेवर वाचायचंच आहे, जुन्या काळी यात्रेकरू ते म्हणत यरुशलेमेला चढत जायचे. अजिंक्यतारा मागे पडेल तेव्हा आईला पहिली ओळ वाचू द्या, ती डोंगराकडे दृष्टी लावण्याबद्दल आहे. तुमचं जाणं आणि येणं परमेश्वर सांभाळेल ही शेवटची ओळ खंबाटकीच्या बोगद्यापाशी तुम्ही वाचा.

३१ तारखेला आमची उपासना रात्री दहाला सुरू होते. पावणेबाराला दिवे घालवून सगळे गुडघ्यावर येतात आणि बारा वाजेपर्यंत कुणी बोलत नाही. त्या पंधरा मिनिटांत मी तुमच्यासाठी आणि तुमच्या आईसाठी जागा राहीन. तुम्ही त्या वेळी साताऱ्यात चर्चमध्ये असाल किंवा घरी बोज्यांच्या मध्ये बसलेल्या असाल, पावणेबारा वाजले की एवढं लक्षात ठेवा, सांगलीत एक माणूस तुमच्यासाठी जागा आहे. पुण्यातला पहिला रविवार कसा गेला ते मला नक्की कळवा.