बिल्डर ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हणतोय, पण ते खरं आहे का हे फ्लॅट घेण्याआधी कसं तपासायचं?

आधी विचारा, सर्टिफिकेट प्री-सर्टिफिकेशनचं आहे की अंतिम? आयजीबीसी, म्हणजे इमारतींना ‘ग्रीन’ मानांकन देणारी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल. तिचं प्री-सर्टिफिकेशन आराखड्यावर मिळतं. अंतिम मानांकन बांधकाम झाल्यावर. ‘गृहा’ या दुसऱ्या मानांकनाचे १ ते ५ स्टार दाखवले, तरी हेच विचारा.

मग दुपारी चारला साइटवर जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. चटका बसला तर गच्चीवर सोलर असून काय उपयोग, एसी चालूच राहणार. सांडपाणी शुद्ध करून फ्लशसाठी वेगळ्या पाइपने वर चढवलंय का, हे सेल्सवाल्याला नको, तिथल्या प्लंबरला विचारा. माझ्या मते तो एक पाइप सगळ्या पाट्यांपेक्षा जास्त सांगतो.

त्याच बिल्डरच्या जुन्या सोसायटीतही चक्कर मारा: एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) अजून चालतो का, आणि मे महिन्यात टँकर किती येतात?