'प्रोट्रॅक्टेड' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कुठे वापरतात?

प्रोट्रॅक्टेड म्हणजे लांबलेला, रेंगाळलेला. तोही बहुधा अपेक्षेपेक्षा जास्त. हे विशेषण आहे. मूळ लॅटिन 'त्राहेरे' म्हणजे ओढणे. ट्रॅक्टर हा शब्दही त्याच धातूतला.

वापरताना एक गोष्ट नक्की सांभाळा: हा शब्द काळाबद्दल आहे, अंतराबद्दल नाही. लांब रस्त्याला किंवा दोरीला प्रोट्रॅक्टेड म्हणत नाहीत. वर्षानुवर्षे चाललेला खटला, चिघळलेला संप, संपता न संपणाऱ्या वाटाघाटी यांना मात्र तो चपखल बसतो. 'अ प्रोट्रॅक्टेड लीगल बॅटल' म्हणजे प्रदीर्घ न्यायालयीन लढाई. त्यात त्रासाची, थकव्याची छटा असते, म्हणून मजेत गेलेल्या मोठ्या सुट्टीला तो शोभत नाही; तिथे साधा 'लाँग' पुरे. जवळपास याच अर्थाचा 'प्रोलाँग्ड' त्या मानाने तटस्थ वाटतो.