घरी पित्ताशयाचे ऑपरेशन म्हणून सांगितले तर चालेल का?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया, आणि अलीकडे बरेच पुरुषही, एक प्रश्न कधी ना कधी विचारतातच : हे घरात, नातेवाइकांत सांगितलेच पाहिजे का? सोलापूरच्या एका ताईंनी तो पहिल्याच भेटीत, खुर्चीत नीट बसण्याआधी विचारला होता. त्यांचे उत्तरही तयार होते. पुण्याला जाऊन पित्ताशयातील खडे काढणार आहे, असे सासूबाईंना, जावेला आणि नणंदेला सांगायचे, आठवड्याभराने परत यायचे आणि पुढे वजन उतरू लागले की 'पथ्य पाळते आहे' म्हणायचे. माझ्याकडून त्यांना फक्त 'चालेल' एवढा एक शब्द हवा होता. त्यांच्या संमतीने ही हकीकत लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंचे वय एकोणचाळीस. शाळांचे गणवेश शिवण्याचा त्यांचा छोटा कारखाना आहे आणि आठ बायका तिथे कामाला येतात. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) ४५ च्या जवळपास. मधुमेहाला सहा वर्षे झालेली, गुडघे दुखणारे आणि रात्रीचे घोरणे इतके की धाकटा मुलगा दुसऱ्या खोलीत झोपायला गेलेला. आशियाई शरीरयष्टीचा विचार करून आपल्याकडे बीएमआय ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३२.५ च्या पुढे, ही शस्त्रक्रिया सुचवण्याची पद्धत रूढ झाली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनाने ती मर्यादा आणखी खाली आणली. त्यामुळे ताईंना शस्त्रक्रिया हवी की नको, हा वाद सर्जनच्या पातळीवर मिटलेला होता. मला पाहायचे होते ते त्यांच्या मनाची आणि घराची तयारी.

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. समुपदेशकाची भेट म्हणजे तोंडी परीक्षा आहे असे समजून लोक पाठ करून आल्यासारखी उत्तरे देतात. 'मला गोड आवडतच नाही', 'मी जेवतेच किती', 'मला कसलाही ताण नाही' हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की माझ्या वहीत त्यांच्यासाठी खुणा ठरल्या आहेत. या भेटीत नैराश्य आहे का, दारू वा तंबाखू आहे का, एकाएकी भरमसाट खाण्याचे झटके येतात का, शस्त्रक्रियेकडून अपेक्षा काय आहेत आणि नंतरचे आयुष्यभराचे पथ्य समजले आहे का, हे पाहिले जाते. कायमचा नकार क्वचितच द्यावा लागतो. अनेकदा थोडा वेळ मात्र मागावा लागतो, आणि ताईंकडेही मला तो मागावा लागला.

खोटे का बोलायचे आहे, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "खाणं सोडवत नाही म्हणून पोट कापून घेतलं, असं म्हणतील. आयुष्यभर ऐकावं लागेल." या भीतीला आधार होता. गुरुवार, एकादशी, एका केंद्राची महागडी पावडर आणि पहाटे सिद्धेश्वर तलावाभोवतीच्या फेऱ्या, असे सगळे करून त्यांनी एकदा चौदा किलो वजन उतरवले होते आणि दीड वर्षात सतरा किलो परत आले होते. घरात ते चौदा किलो कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. सतरा किलो मात्र सर्वांना पाठ होते. वजन उतरले की शरीर भुकेची संप्रेरके वाढवते आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेते, हे त्यांना तोवर कोणी सांगितले नव्हते. त्यांच्यासाठी ठरलेल्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि भूक जागवणारे घ्रेलिन प्रामुख्याने जिथे तयार होते तो भागही त्यात जातो, त्यामुळे पोट लहान होतेच, शिवाय भूकही काही काळ मंदावते. हे ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यात जिद्द नव्हती असं नाही."

मी खोट्याचे पाप-पुण्य काढले नाही. कागद पुढे सरकवला आणि पित्ताशयाच्या कहाणीचा दिवसागणिक हिशेब लिहायला सांगितला. पित्ताशय काढलेला माणूस काही दिवसांत वरणभातावर येतो. या शस्त्रक्रियेनंतर मात्र साधारण दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग काही आठवडे घोटलेले व मऊ अन्न आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, तेही वाटीभर आणि अगदी सावकाश. पाणी जेवताना प्यायचे नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबायचे. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत आणि बी १२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची पूरक औषधे व रक्ततपासण्या आयुष्यभर चालू ठेवायच्या. "पंधराव्या दिवशी सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पानात वाढली, तर काय सांगाल?" असे मी विचारले. ताईंचे पेन थांबले.

दुसरी ओळ त्याहून गंभीर होती. पती यंत्रमाग कारखान्यात, अनेकदा रात्रपाळीला. घरी परतल्यावर मध्यरात्री ताप चढला, नाडी जोरात धावू लागली, पोटात किंवा खांद्यात तीव्र कळ आली, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर रिक्षा बोलावणार कोण? सासूबाई किंवा दीर. आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना ते काय सांगणार? पित्ताशयाचे ऑपरेशन झाले आहे. जठराला लावलेल्या टाक्यांतून गळती होणे ही या शस्त्रक्रियेतील विरळ पण जिवावर बेतणारी गुंतागुंत आहे, आणि उलट्या बरेच दिवस चालल्या तर थायमिन (बी १ जीवनसत्त्व) कमी पडून मेंदू व मज्जातंतूंना इजा होऊ शकते. समोरच्या डॉक्टरांना खरी शस्त्रक्रिया ठाऊक नसेल तर त्यांचे मौल्यवान तास भलतीकडेच जातील. म्हणून मी त्यांना सांगितले की एका छताखाली राहणाऱ्या आणि संकटात धावून येणाऱ्या मोठ्या माणसांना खरे कळायला हवे. बाकीच्यांना काहीही सांगण्याचे बंधन नाही. ज्यांना टाळायचे आहे त्यांच्यासाठी आम्ही एक वाक्य ठरवले : "पोटाचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांनी पथ्य दिलं आहे." ते खरे आहे आणि पुरेसेही.

यानंतर मी त्यांना तीन आठवडे खाण्याची नोंद ठेवायला लावली. काय खाल्ले याबरोबरच किती वाजता, कुठे आणि खाण्याच्या आधी काय घडले, तेही लिहायचे होते. पहिला आठवडा आदर्श होता, म्हणून मी तो बाजूला ठेवला. दुसऱ्या आठवड्यापासून खरे दिसू लागले. दिवसभर त्या खरोखरच फारसे जेवत नसत. जून जवळ आला की गणवेशांची घाई, मग दुपारचा डबा संध्याकाळी पाचला. रात्री अकरानंतर मात्र, सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरात दिवा न लावता, ओट्याशी उभे राहून, उरलेले सगळे. नोंदीत एके ठिकाणी लिहिले होते : 'जाऊ बोलली. नंतर चार पोळ्या.' आठवड्यातून तीन-चार रात्री हे होत होते आणि त्या वेळी थांबता येत नसे. असे खाणे शस्त्रक्रियेला कायमचा अडथळा ठरत नाही, पण ते तसेच सोबत नेले तर लहान झालेल्या पोटातही वाट काढते. गोड, पातळ, सतत थोडे थोडे, अशा रूपात.

त्याच वहीत रोज सकाळी साडेसहाला एक नोंद होती : 'मशेरी'. सर्जननी तंबाखूबद्दल विचारले तेव्हा ताईंनी 'नाही' म्हटले होते, आणि त्यांच्या मते ते खोटे नव्हते. आपल्या भागात किती तरी घरांत मशेरी ही दात घासण्याची गोष्ट मानली जाते, व्यसन नव्हे. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचे निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरायला वेळ लागतो. निदान सहा आठवडे आधी ती बंद हवी. म्हणून मी सर्जनना तीन महिने थांबण्याची शिफारस लिहिली आणि ताईंना ते पत्र आधी वाचायला दिले. त्या संतापल्या. "खरं लिहिलं म्हणून नापास झाले, खोटं लिहिलं असतं तर पास," असे म्हणून निघून गेल्या. त्यांच्या वाक्यात थोडे तथ्य होते आणि ते मला टोचले. सतरा दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा मशेरीचा डबा घरातून गेलेला होता.

एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगते. पहिल्या महिन्यात ताईंचे पती एकदा सोबत आले होते. विमा त्यांच्या नावावर असल्याने त्यांना सर्व ठाऊक होते. मी जे जे सांगितले त्याला त्यांनी मान डोलावली आणि 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले. मी वहीत 'पतीचा आधार : चांगला' असे लिहून टाकले. पुढे कळले, की रात्रपाळीहून परतताना बायकोसाठी गरम भजी आणणे हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज होता आणि या काळातही तो सुरूच होता. त्यांना वेगळे भेटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, टेबलावरून उठलीच नाही तर? दोन लेकरं आहेत." मान डोलावण्याला मी आधार समजले होते, तिच्याखाली भीती होती. सर्जनकडून धोक्याची खरी आकडेवारी त्यांनी स्वतः विचारून घेतल्यावर ती बरीच ओसरली. भज्यांची जागा मोगऱ्याच्या गजऱ्याने घेतली, हे मला ताईंनी लाजत सांगितले.

सासूबाईंना भेटायचे ताईंनीच ठरवले, शस्त्रक्रियेच्या पाच आठवडे आधी. त्या आल्या, सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हातचं खाऊन तिची ही दशा झाली, असंच ना?" या प्रश्नावर घाईने 'नाही, नाही' म्हणण्यात अर्थ नव्हता. त्या बाईने विड्या वळून दिवस काढत तीन मुले वाढवली होती. पोटभर वाढणे ही त्यांची माया व्यक्त करण्याची एकमेव रीत होती आणि सुनेचे पोट कापले जाणार म्हणजे ती रीतच बंद होणार, असे त्यांना वाटत होते. म्हणून मी त्यांच्याकडे काम मागितले. शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे यकृतातली चरबी आणि त्याचा आकार कमी व्हावा म्हणून कमी उष्मांकाचा आहार असतो, त्यातले गाळलेले मुगाचे पाणी, पातळ ताक, पुढे घोटलेली डाळ आणि अंडे, हे ठरलेल्या छोट्या वाटीने मोजून देण्याचे काम. त्यांनी वाटी स्वतः निवडली, नातवाच्या बारशाची. पंधरा वर्षांच्या मुलीने आईच्या खाण्यावर लक्ष ठेवावे अशी सूचना जावेने केली होती, ती मात्र मी साफ नाकारली. लेकीला आईचा पहारेकरी करण्याने दोघींचेही नाते नासते.

तारखेचा एक पेच उरला होता. रुग्णालयाने दिलेली तारीख पाळली तर ते दोन आठवडे नेमके संक्रांतीत आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत येत होते. नंदीध्वज, अक्षता सोहळा, पाहुण्यांनी भरलेले घर आणि गूळपोळी, अशा दिवसांत पातळ आहारावर राहण्याची सक्ती म्हणजे हरण्याचीच तयारी. तारीख फेब्रुवारीत नेली. 'आता शेवटचंच' म्हणून अनेक जण शस्त्रक्रियेआधी भरपूर खाऊन घेतात, हा धोका मी सांगितला होता. तरीही ताईंनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दोनदा वाढून घेतली आणि तेही वहीत लिहिले.

विम्याबाबत थोडक्यात. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार बीएमआय किमान ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५, आणि डॉक्टरांचा सल्ला असेल तर या शस्त्रक्रियेचा खर्च विमा न देण्याच्या अपवादांत मोडत नाही. पॉलिसीतील प्रतीक्षाकाळ मात्र आधी तपासावा, आणि पूर्वीच्या प्रयत्नांची कागदपत्रे जपावीत.

सर्वांत उपयोगी पडली ती रुग्णालयाने दोघींच्या संमतीने घडवून आणलेली एक भेट. जुळे सोलापुरातल्या एका बाईंची हीच शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली होती. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस कसे गळले, दंडाची कातडी कशी लोंबली, दोन वर्षांनी सहा किलो कसे परत आले आणि त्यांनी तपासणी चुकवणे कसे सोडले, हे त्यांनी काहीही न लपवता सांगितले. लोक काय म्हणाले, असे ताईंनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आधी जाड म्हणून बोलायचे, मग 'काही मोठा आजार झालाय का' म्हणून. बोलणं थांबत नाही, विषय बदलतो." माझ्या चार बैठकांत जे जमले नव्हते ते त्या अर्ध्या तासात झाले.

शस्त्रक्रिया होऊन आता अकरा महिने झाले आहेत. वजन ८० किलोवर आहे आणि मधुमेहाची औषधे डॉक्टरांनी निम्म्यावर आणली आहेत. पाचव्या महिन्यात केस गळले तेव्हा ताई घाबरल्या नाहीत, रात्रीचे खाणे मात्र दोनदा परतले. दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्या दिवशी जुळे सोलापूरला फोन केला. नणंदेला अजून सांगितलेले नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात तिने विचारले, तेव्हा ताईंनी ठरलेले वाक्य म्हटले. त्यावर शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पथ्याचं आहे तिचं, तू जेव," आणि पिशवीतून ती वाटी काढून त्यांनी तिच्यात वरण वाढले.