स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स करतेयस? आधी असिस्टंटशिप बघ

अगं, अमेरिकेत हे मास्टर्स, म्हणजे कॉलेजात वर्गाबाहेर विद्यार्थ्यांना सांभाळायच्या कामाचं शिक्षण, करायचं तर रँकिंग नंतर, आधी असिस्टंटशिप मिळतेय का ते विचार, आठवड्याला साधारण 20 तास काम आणि बदल्यात बऱ्याच ठिकाणी फी माफ, वर थोडा स्टायपेंड, आणि खरं शिकणं तिथेच होतं. मी हॉस्टेलच्या ड्यूटीवर असताना रात्री दोनला फायर अलार्म वाजला, फर्स्ट इयरची एक मुलगी बर्फात नुसत्या चपलांवर रडत उभी, घरी फोन कर म्हटलं तर आणखीनच रडली, मग मी तिला माझं जॅकेट दिलं आणि गप्प शेजारी उभी राहिले. हे वर्गात नाही कळत गं. आणि हो, हा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) नाही, म्हणजे एफ-1 या स्टुडंट व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर नोकरी करायची परवानगी, 12 महिनेच, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीपासूनच नोकरी शोधायला लाग.