बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केल्यानंतर दुखापत-प्रतिबंध आणि पुनर्वसन या विषयांत एम.एससी. करावी का? फिजिओथेरपिस्ट असताना आपल्याला कोण विचारणार?

मीही बी.पी.एड. करूनच क्रीडाविज्ञानाकडे वळले आणि पुण्यातच काम करते, म्हणून लिहिते आहे. विचारतात, नक्की विचारतात. पण कुठे, ते आधी समजून घ्या.

मागच्या वर्षी माझ्याकडे कबड्डीत चढाई करणारी एक मुलगी आली. एसीएलची, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य अस्थिबंधाची, शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले होते. दुखणं नाही, सूज नाही, फिजिओथेरपीही संपलेली. प्रशिक्षकांना ती पुढच्याच स्पर्धेत हवी होती. मी जमिनीवर मोजपट्टी लावली आणि एकेका पायावर उडी मारायला सांगितली. चांगल्या पायावर १४२ सेंटिमीटर, शस्त्रक्रिया झालेल्या पायावर ११८. म्हणजे चांगल्या पायाच्या ८३ टक्के. हा आकडा ९० च्या खाली असेल तर सहसा मैदानावर सोडत नाहीत. त्यात नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलं की गुडघा पुन्हा जायचा धोका बराच वाढतो. शिवाय उडीनंतर पाय टेकताना तिचा गुडघा आत वळत होता, ते मोजपट्टीवर कुठे दिसतं? मी नाही म्हटलं. ती रडली, प्रशिक्षक नाराज झाले. पण दुखणं थांबल्यापासून खेळायला खरंच तयार होईपर्यंतचे जे महिने असतात, ते बहुतेक ठिकाणी कोणाचेच नसतात. तेच आपलं काम.

निदान आणि उपचार मात्र आपले नव्हेत. फिजिओथेरपी आता २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येते आणि एम.एससी. केल्याने तो अधिकार मिळत नाही. तुम्हाला रुग्णावर उपचारच करायचे असतील तर बी.पी.टी. (फिजिओथेरपीची पदवी) आणि मग क्रीडा विषयात एम.पी.टी. (तिचीच पदव्युत्तर पदवी), हाच रस्ता. वर्षं जास्त जातील, पण मन तिथे असेल तर अर्धवट वाट धरू नका.

प्रतिबंधाचं काम तर पडूनच आहे. फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला '११+' हा सराव वीसेक मिनिटांचा आहे, त्याला साहित्य जवळजवळ लागत नाही आणि नियमित केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलंय. तरी आपल्या कितीतरी मैदानांवर दोन चकरा मारल्या की वॉर्मअप झाला! मला याचं फार वाईट वाटतं.

आणि फक्त खेळाडूच डोळ्यांसमोर ठेवू नका. माझी सकाळची एक बॅच साठीपुढच्यांची आहे. हात छातीशी धरून तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, एवढंच आम्ही पहिल्या दिवशी मोजतो. एका आजींचे आठ झाले होते, चार महिन्यांनी बारा. त्या आता जिना कठडा न धरता चढतात.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना स्वतः हात लावू देतात का आणि इंटर्नशिप कुठे मिळते, हे शिकत असलेल्या मुलांनाच विचारा. बालेवाडीचं क्रीडासंकुल, मुंढव्याची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट अशा जागा याच शहरात आहेत, त्यामुळे निदान बघायला तरी खूप मिळेल. बी.पी.एड.ला शरीररचना वरवरच होते, म्हणून प्रवेशाची वाट न बघता गुडघा, घोटा आणि खांदा आत्तापासून पक्के करायला घ्या. पहिल्या सत्रात मला तेच सगळ्यात जड गेलं होतं.